चौथ्या रोपाचा हिशेब

शंकेखोर : कुंडीत टोमॅटो लावायला तुला आजवर कोणी अडवलं नव्हतं. मिरची, कोथिंबीर, कढीपत्ता, काहीही लावायचं होतंस. इतकी वर्षं जर्मनीत राहिलास आणि मातीत एक काडी खोचली नाहीस. आता एकदम शेतकरी व्हायचंय, तेही गांजाचा! कारण विचारलं तर म्हणतोस, कायद्याने परवानगी दिली. फेब्रुवारी 2024 मध्ये इथल्या संसदेने, बुंडेस्टागने, विधेयक मंजूर केलं, 1 एप्रिलपासून ते लागू झालं आणि सज्ञान माणसाला स्वतःच्या घरात एका वेळी तीन झाडं लावता येऊ लागली, हे मलाही ठाऊक आहे. पण ही परवानगी कुणासाठी होती ते आठव. तेव्हाचे आरोग्यमंत्री कार्ल लाउटरबाख हेच सांगत होते की लोक ओढतातच, चोरट्या विक्रेत्याकडून घेतात, त्यात काय मिसळलंय ते त्यांना कळत नाही. म्हणून काळा बाजार आटवायचा. तुझ्यासारख्या, अधूनमधून कुणाच्या तरी हातची ओढणाऱ्या माणसाने घरात झाड लावलं, तर त्या बाजाराचं काय बिघडणार? गांजा तेवढा तीन झाडांनी वाढेल.

हौशी : ‘कुणाच्या तरी हातची’ म्हणालात ना, त्या हातापर्यंत ती कुठून आली हे मी कधी विचारलं नव्हतं. मित्राकडे होती, मित्राच्या मित्राने आणली होती. त्यावर कृत्रिम रसायन फवारलेलं असू शकतं. नशा वाढवण्यासाठी हलक्या मालावर असले फवारे मारतात आणि त्यांचा परिणाम साध्या गांजापेक्षा कितीतरी बेभरवशाचा असतो. म्हणजे मी त्या बाजारात नव्हतो असं नाही. त्याच्या शेवटच्या टोकाला बसून फुकटचं खात होतो, एवढंच. आता राहिला टोमॅटो. टोमॅटो मी लावला नाही, कारण तो दुकानात मिळतो, चांगला मिळतो आणि तो कुणी पिकवला याची मला फिकीर नसते. जी गोष्ट विश्वासाने विकत मिळत नाही ती माणूस स्वतः करायला घेतो. तुमच्या आईने घरी मसाला कुटला तो हौस म्हणून नव्हे, बाजारच्या तिखटात विटकरीचा भुगा असतो म्हणून.

शंकेखोर : मसाल्याने वर्षभर स्वयंपाक होतो. शिवाय विश्वासाचाच प्रश्न असेल तर त्याची सोय कायद्याने केली आहे. 1 जुलै 2024 पासून लागवड मंडळं काढता येतात, जास्तीत जास्त 500 सभासदांची. सभासदाला महिन्याला 50 ग्रॅमपर्यंत मिळतं. एकविसाच्या आतल्यांना 30 ग्रॅम, तेही टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, 10 टक्क्यांच्या आत असलेलं. मंडळाला मालात टीएचसी किती आणि सीबीडी किती हे सांगावं लागतं. तुझ्या कपाटातल्या झाडात ते किती आहे हे तुला कोण सांगणार? तू चाखून ठरवणार! भेसळ नाही याची खात्री तुला मिळेल, पण जोर किती याची कधीच मिळणार नाही. नशेच्या पदार्थाच्या बाबतीत ही दुसरी खात्री पहिलीपेक्षा कमी महत्त्वाची नाही.

हौशी : हे मान्य. मंडळात माल मोजून मिळतो, माझ्याकडे तो अंदाजाने असेल. पण मंडळात मी पुन्हा गिऱ्हाईकच राहतो, फक्त जास्त सुरक्षित गिऱ्हाईक. मला दुसरंच काहीतरी हवंय, आणि ते तुम्हाला भाबडं वाटेल. विकत घेतलेली वस्तू मनात आलं की संपवता येते, संपली की आणता येते. बी पेरल्यापासून फूल वाळेपर्यंत तीन-चार महिने सहज जातात. तेवढे दिवस रोज पाणी बघायचं, पानं बघायची, उजेड बघायचा. या वाट बघण्याने ओढण्यालाच एक शिस्त लागेल असं मला वाटतं. जे झाड हाताने वाढवलं ते माणूस निष्काळजीपणाने फुंकून टाकणार नाही.

शंकेखोर : किंवा उलट होईल. चार महिने ज्याची सेवा केली त्याचं चीज करायला हवं म्हणून माणूस जास्तच ओढेल. घरचं आहे, फुकट आहे, ताजं आहे. आमच्याकडे आंब्याच्या दिवसांत कोण मोजून खातं? बरं, शिस्तीचं नंतर बोलू. आधी रोप तरी येऊ दे. मी शेतकऱ्याच्या घरातला आहे. रोपवाटिका पाहिल्या आहेत, वाफे पाहिले आहेत. नवशिक्याचं रोप दुर्लक्षाने क्वचितच मरतं, ते लाडाने मरतं. तू पहिल्या आठवड्यात त्याला बुडवशील.

हौशी : बुडवायची भीती मला आहेच, म्हणून तर एवढं वाचतोय. बी असतं तीन-चार मिलिमीटरचं, करड्या-तपकिरी रंगाचं, वर नक्षी. वीस ते पंचवीस अंश तापमानात, ओलाव्यात ठेवलं की दोन दिवसांपासून आठवड्याभरात मोड येतो. काही जण ओल्या टिपकागदात मोड आणून मग मातीत लावतात. मी थेट मातीत, सेंटीमीटरभर खोल पेरणार आहे. टिपकागदावरून उचलताना नाजूक मूळ मोडतं, आणि मोडलेलं मूळ नवशिक्याला दिसतही नाही. मग कोंब वर येतो, बी फोडून दोन गोल दळं उघडतात, त्यानंतर करवती कडांची पानांची पहिली जोडी येते, एकेकच पातं असलेली. पुढच्या जोडीला तीन पाती, मग पाच, मग सात. आपल्याला गांजाचं म्हणून माहीत असलेलं पान यायला बराच वेळ लागतो. त्या आधीचं रोप कुठल्याही रानटी रोपासारखं दिसतं.

शंकेखोर : आणि त्याच दोन-तीन आठवड्यांत ते हातचं जातं. तुला कारण सांगतो. दुकानातली फुलझाडांची खतवाली माती आणशील. पोषण जास्त तर रोप जोमदार, असा तुझा हिशेब. पण पहिल्या दिवसांत रोप दळांमधल्या साठ्यावर जगतं. त्याला खत लागत नाही आणि जास्त झालं तर पानांची टोकं करपतात. इथे रोपांसाठी हलकी, कमी खताची माती वेगळी मिळते, ती घे. दुसरं पाणी. कुंडी मोठी घेशील, पाच-सात लिटरची, म्हणजे पुन्हा बदलायला नको. त्या मोठ्या कुंडीतली माती एवढंसं मूळ पिऊ शकत नाही, ती आठवडाभर चिकचिकीत राहते. वरून हिरवं दिसणारं रोप एका सकाळी मातीलगत बारीक होऊन आडवं पडतं. आम्ही त्याला रोप कोलमडणं म्हणतो. मातीतल्या बुरशीचं काम, पण बुरशीला आमंत्रण तू दिलेलं असतंस. आडवं पडलेलं रोप पुन्हा उभं राहत नाही. शिवाय ओल्या मातीवर चिलटं येतात, त्यांच्या अळ्या मुळं कुरतडतात. सगळं एका पाण्यातून. शेतात वाफसा आल्याशिवाय पेरत नाहीत, म्हणजे माती ओली असावी पण तिच्यात हवाही खेळती असावी. कुंडीतही नियम तोच. छोटा पेला, तळाला भोकं, उचलून वजन बघायचं, हलका लागला तरच पाणी.

हौशी : म्हणजे तुम्ही मला शिकवताय.

शंकेखोर : झाडाशी माझं भांडण नाही. रोप मेलेलं मला बघवत नाही, कशाचंही असो. ते वाढवणाऱ्याला मात्र मी प्रश्न विचारणार. पुढचा प्रश्न उजेडाचा. घरात, कपाटात, दिव्याखाली का? उन्हाळ्यात बाल्कनीत आठ-आठ वाजेपर्यंत ऊन असतं. ते सोडून विजेचा दिवा लावून सूर्याची नक्कल करायची, ही मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत खुळी गोष्ट वाटते. तुमच्या पिढीला हवामानबदलाची काळजी आहे ना? कोलोराडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी 2021 मध्ये हिशेब मांडला होता. अमेरिकेत बंदिस्त जागेत पिकवलेल्या एक किलो वाळलेल्या फुलांमागे, ठिकाणानुसार, 2,283 ते 5,184 किलो कार्बन डायऑक्साइडएवढं उत्सर्जन होतं. एक किलो! जगातल्या कुठल्या पिकाला एवढा खर्च येतो?

हौशी : ते आकडे मोठ्या गोदामांचे आहेत. तिथला मोठा खर्च दिव्यांबरोबर हवा थंड, गरम आणि कोरडी ठेवण्याचा असतो. माझ्या कपाटात वातानुकूलन नाही. हिशेब करून बघा. रोपांना सुरुवातीला वीस-तीस वॉटचा एलईडी पुरतो. पुढे 100 वॉटचा दिवा रोज 18 तास लावला तर 1.8 युनिट, महिन्याला 54. इथल्या दराने वीस युरोच्या आतबाहेर. फुलोऱ्यात 12 तासच लावायचा. फुकट नाही, पण तुम्ही म्हणता तेवढं पापही नाही. आणि बाल्कनीचं म्हणाल तर मलाही ती आवडली असती. पण कायदा काय म्हणतो बघा. झाडं, बी आणि पीक यांच्यापर्यंत मुलं किंवा इतर कुणी पोचू नये अशी व्यवस्था माझी. शेजाऱ्यांना वासाचा त्रास होता कामा नये, तीही जबाबदारी माझीच. पहिल्या मजल्यावरच्या बाल्कनीत हे कसं जमायचं? मला कपाटात ढकललं ते कायद्यानेच. तुम्ही ज्या उधळपट्टीवर चिडताय ती मुलांच्या संरक्षणाच्या अटीतून जन्मली आहे, आणि त्या अटीवर तुम्ही चिडणार नाही.

शंकेखोर : नाही चिडणार. पण त्यातून काय निघतं ते बघ. जी वस्तू मुलांपासून कुलपात ठेवावी लागते, शेजाऱ्यापासून वास लपवून ठेवावी लागते, तिला तू बागकाम म्हणतोस.

हौशी : दारूची बाटलीही कुलपात ठेवावी असंच तुमचं मत असेल. पण थांबा, उजेडाचं अजून संपलेलं नाही, आणि त्यातली गंमत तुम्हाला आवडेल. हे झाड दिवस लहान व्हायला लागले की फुलतं. पुण्यात जूनमधला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास, इथे श्टुटगार्टला तोच सोळा तासांचा. म्हणून इथे बाहेर लावलेलं झाड जून-जुलैभर नुसतं उंच होत राहतं, ऑगस्टमध्ये फुलोऱ्यावर येतं आणि पीक हाती यायला सप्टेंबरअखेर नाहीतर ऑक्टोबर उजाडतो. ऑक्टोबरात इथे पाऊस, धुकं, गारठा. दाट फुलात करडी बुरशी शिरते आणि आतून सडवते. बुरशी लागलेलं फूल ओढणं हा तुमच्या-माझ्या दोघांच्याही मते मूर्खपणा. घरातल्या दिव्याला बटण आहे. 18 तास ठेवलं तर झाड वाढतं, 12 वर आणलं की फुलतं. सूर्याची नक्कल म्हणालात, पण सूर्य ज्या गोष्टी ऐकत नाही त्या दिवा ऐकतो.

शंकेखोर : हे मला पटतं, आणि म्हणूनच भीतीही वाटते. ऋतू हा शेतीतला एकमेव लगाम होता. वर्षाला एक पीक, ते संपलं की पुढच्या वर्षापर्यंत थांब. मघाशी तू वाट बघण्याची शिस्त म्हणालास. दिव्याखाली ती शिस्त राहत नाही, एक पीक कापलं की दुसरं लाव, बाराही महिने. बाल्कनीतल्या झाडाने तुला थांबायला लावलं असतं. ते तू बुरशीच्या भीतीने सोडलंस.

हौशी : ... यावर विचार करायला हवा. माझ्या मुद्द्याचा पायाच तुम्ही काढलात. पण एक लक्षात घ्या, वाट बघणं ऋतूवर अवलंबून असलं तरच खरं, असं नाही. मी वर्षाला एकच पीक घेऊ शकतो.

शंकेखोर : घेऊ शकतोस. दिवा मात्र घेतलेला असेल. बरं, तीन झाडांचं बोल. मला शेतकरी म्हणून हा आकडा हास्यास्पद वाटतो. कुठलाही माणूस हवीत तेवढीच रोपं पेरत नाही. जास्त पेरतो, उगवण बघतो, दाट झालं तर विरळणी करतो, कुठे नाहीच उगवलं तर नांग्या भरतो. तू बरोबर तीन बिया पेरल्यास तर एक उगवणार नाही, एक कोलमडेल आणि उरलेलं नर निघेल. नराच्या फुलात तुझ्या कामाचं काही नसतं, उलट त्याचा पराग उडाला की मादीच्या फुलात बी धरतं आणि पीक वाया जातं.

हौशी : हीच तर खरी अडचण. साध्या बियाण्यात निम्मे नर, निम्म्या माद्या, आणि कोण काय हे कळायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर सगळी रोपं सारखीच. म्हणून आता फक्त मादी झाडंच येतील असं बियाणं विकतात. मादी झाडावर चांदीच्या क्षाराचं द्रावण फवारून तिलाच पराग धरायला लावतात, त्या परागापासून झालेलं बी जवळजवळ सगळं मादी निघतं. एकेक बी कित्येक युरोंना पडतं. युरोपीय संघातल्या देशांतून ते मागवता येतं, त्याला कायद्याची ना नाही. पण हे तंत्र नवं असलं तरी अडचण जुनी आहे. ब्रिटिश सरकारने 1893 मध्ये आपल्याकडे एक आयोग नेमला होता, भांग-गांजाच्या चौकशीसाठी. तीन हजारांवर पानांचा अहवाल झाला. त्यात बंगालमधल्या नौगावच्या गांजाच्या शेतीचं वर्णन आहे. तिथे पोद्दार म्हणून एक जाणकार माणूस असे. तो शेतात फिरून नर झाडं ओळखायचा आणि ती उपटून टाकली जायची. शेतकऱ्याला स्वतःला ते जमत नसे, म्हणून पैसे देऊन पोद्दार बोलवत. आणि त्याच आयोगाने शेवटी काय म्हटलं? की माफक सेवनाने फारसं नुकसान दिसत नाही आणि सरसकट बंदी करू नये.

शंकेखोर : अर्धाच अहवाल सांगितलास. त्याच आयोगाने असंही सुचवलं की लागवड परवान्याशिवाय होऊ देऊ नये, आणि ती मोजक्या ठिकाणी एकवटावी म्हणजे देखरेख ठेवता येईल. परसात ज्याने त्याने लावावं हे त्यांना नको होतं. नौगाव आणि आपल्या शेजारचं खांडवा, हेच त्यांचे नमुने होते. म्हणजे बंदी नको म्हणणाऱ्यांनाही तुझं कपाट मान्य झालं नसतं. ते आज असते तर त्यांनी तुला मंडळात पाठवलं असतं.

हौशी : शक्य आहे. पण त्यांना कर गोळा करायचा होता हेही विसरू नका. परसातल्या झाडावर कर लागत नाही.

शंकेखोर : हजरजबाबी आहेस. आता जो प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला होता तो विचारतो. तुझा पासपोर्ट कोणता?

हौशी : भारतीय. इथला कायमचा परवाना आहे, नागरिकत्व नाही.

शंकेखोर : मग ऐक. 1985 चा आपला अमली पदार्थविरोधी कायदा. गांजाचं झाड लावलं तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाख रुपयांपर्यंत दंड. झाड कोणतं, तर त्या प्रजातीचं कोणतंही, फूल आलेलं असो वा नसो. गंमत बघ, त्याच कायद्यात गांजाच्या व्याख्येतून बी वगळलंय आणि शेंड्याशिवायची पानंही वगळली आहेत. म्हणून तर भांग चालते. पण झाड लावणं वगळलेलं नाही. म्हणजे तुझं ते दोन दळांचं रोप, ज्यात नशेचं नावही नाही, ते लावणं गुन्हा. आणि कलम 1 सांगतं की हा कायदा भारताबाहेरच्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे. 2001 च्या दुरुस्तीने ते घातलं. तू श्टुटगार्टात कायदेशीर बागकाम करतोयस आणि त्याच क्षणी दिल्लीच्या लेखी गुन्हा करतोयस.

हौशी : हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण परदेशात झालेल्या गुन्ह्याचा खटला भारतात चालवायला केंद्र सरकारची परवानगी लागते. कपाटातल्या तीन रोपांसाठी कोण ती मागणार आहे? आणि नियम काटेकोर लावायचा तर माझ्या ऑफिसमधल्या ज्या भारतीय सहकाऱ्याने ॲमस्टरडॅमला जाऊन कॉफीशॉपमध्ये एक सिगरेट ओढली तोही गुन्हेगार, आणि टोरांटोत चार झाडं लावणारा भारतीय विद्यार्थीही. अशा कायद्याला माणूस मनात जागा देत नाही, कारण कायदा त्याला कधी दिसतच नाही.

शंकेखोर : दिसत नाही आणि नाही, यांत फरक आहे. तुला कोणी पकडणार नाही हे मीही लिहून देतो. पण माझा प्रश्न पकडण्याचा नव्हता. तू सुरुवातीला म्हणालास, कायद्याने परवानगी दिली म्हणून. त्या कारणातून आता अर्धी हवा गेली. एका कायद्याने दिली, दुसऱ्याने दिली नाही, आणि दोन्ही तुझेच आहेत. कर भरतोस तो इथे, पासपोर्ट काढतोस तो तिथला. मग आता परवानगीच्या नावाने लावू नकोस. तुला लावायचंय म्हणून लाव, आणि तसं म्हण.

(इथे लेखकाला मध्येच तोंड घालावंसं वाटतं. या टप्प्यावर शंकेखोराची बाजू भक्कम आहे आणि हौशाला ते कळलं आहे. परदेशातल्या मराठी घरांत ‘इथे चालतं’ हे वाक्य फार सोयीने वापरलं जातं, गोमांसापासून लिव्ह-इनपर्यंत. चालतं की नाही हे सांगणारा एकच अधिकारी असतो अशी त्यामागची समजूत असते. दुसऱ्या बाजूने, जो कायदा नागरिकाचा पाठलाग श्टुटगार्टच्या कपाटापर्यंत करतो आणि प्रत्यक्षात कधीच पोचत नाही, त्याच्याबद्दल आदर कसा वाटावा, हा हौशाचा प्रश्नही उडवून लावण्यासारखा नाही. पुढे चालू.)

हौशी : ठीक. लावायचंय म्हणून लावतो. मग मला इथल्या कायद्यातलीच एक गोष्ट विचारू द्या, जिच्यावर मी अडलोय. तीन झाडं एका वेळी, हा आकडा पक्का. पण बी आणि फूल नसलेली कोवळी रोपं, कलमं यांना हा कायदा लागवडीचं साहित्य म्हणून वेगळं धरतो. मग रोप कोणत्या दिवशी झाड होतं? दोन दळांवर? सात पात्यांच्या पानावर? पहिल्या फुलावर? मी चार बिया पेरणार, कारण तुम्हीच म्हणालात की कोणी मोजून पेरत नाही. समजा चारही उगवल्या. चौथ्याचं काय करू?

शंकेखोर : उपट.

हौशी : कोणतं? पहिल्या आठवड्यात चारही सारखी. नर-मादीचं बियाणं असेल तर चार-सहा आठवड्यांनी कळेल. तोवर चारही ठेवायची म्हटलं तर कुणी मोजायला आलं की मी नियम मोडतोय की साहित्य बाळगतोय?

शंकेखोर : कोणी मोजायला येत नाही. मघाशी तूच सांगितलंस, कायदा कधी दिसत नाही.

हौशी : ते दिल्लीच्या कायद्याबद्दल. हा माझ्या दारावरचा आहे. इथला शेजारी कचऱ्याचा डबा चुकला तरी चिठ्ठी लावतो.

शंकेखोर : मग चौथं पेरूच नकोस. तीन पेर.

हौशी : आणि एक उगवलं नाही तर?

शंकेखोर : दोन राहतील.

हौशी : त्यातलं एक नर निघालं तर?

शंकेखोर : एक. आता मला सांग, एका झाडाने तुझं का भागू नये? बऱ्या दिव्याखाली, नीट वाढवलेलं एकच झाड वाळवून 50 ग्रॅमच्या पुढे जाऊ शकतं, आणि घरात ठेवायची मर्यादाच 50 ग्रॅम आहे. 60 च्या पुढे गेलास तर दंडावर भागत नाही, तो फौजदारी गुन्हा. घरी पिकवलेलं दुसऱ्याला द्यायचंही नाही, मित्रालाही नाही. तीन झाडं लावायची परवानगी आणि एका झाडापुरता साठा, हा हिशेब बसत नाही हे कायदा करणाऱ्यांना दिसलं नसेल असं मला वाटत नाही. त्यांनी तो तुझ्यावर सोडलाय. 2025 मध्ये आलेल्या नव्या सरकारने या कायद्याचं मूल्यमापन करायचं ठरवलं आहे, ते करोत. तू तुझं कर. वर्षाला तुला किती लागतं?

हौशी : हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता. बी विकणाऱ्याने नाही, दिवा विकणाऱ्याने नाही, कायद्यानेही नाही.

शंकेखोर : मी विचारतोय.

हौशी : महिन्यातून एखादा शनिवार. तोही दर महिन्याला नाही. पाच ग्रॅम धरा वर्षाचे. फार तर दहा.

शंकेखोर : दहा ग्रॅमसाठी चार महिने दिवा, कुलूप, कोलमडणारी रोपं आणि दोन देशांचे कायदे.

हौशी : तुम्ही आता हसणार म्हणून सांगत नव्हतो, पण ओढण्यापेक्षा मला ते उगवलेलं बघायचंय. पहिल्या पानाची करवत, मग तीन पाती, मग पाच. तुम्ही पाण्याचं आणि पेल्याचं सांगितलंत तेव्हा मला जी मजा आली ती मित्राने पुढे केलेल्या सिगरेटीत कधी आली नव्हती.

शंकेखोर : मग फुलोऱ्यापर्यंत नेऊच नकोस. पानांचं झाड वाढव आणि थांब. दिव्याचं बटण तुझ्याच हातात आहे, 18 तासांवरून खाली आणू नकोस. फुलणार नाही.

हौशी : फुलाशिवाय हे झाड म्हणजे...

शंकेखोर : बोल, वाक्य पुरं कर.

हौशी : ...अर्धं. आंबा लावून मोहोर तोडायला सांगताय तुम्ही.

शंकेखोर : मग नुसतं उगवणं बघायचं नाहीये. फूलही हवंय. आणि फूल आलं की 50 ग्रॅमच्या वर येणार, त्यातले दहा तुझे. उरलेलं?

हौशी : मर्यादेच्या वरचं नष्ट करायचं, असा नियम आहे.

शंकेखोर : नियम मी विचारला नाही. तू काय करशील?

हौशी : पीक हातात आलं की सांगतो, काका.

शंकेखोर : पेरायच्या आधी सांग.